स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार आणि हृदयाची जपणूक

सातपुड्याच्या रांगांत समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रवाशांच्या परिचयाचे आहे. यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या मंदिरापाशी भरणारी यात्रा यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. आरोग्याच्या संदर्भात मात्र या परिसराचे नाव निघते ते प्रामुख्याने कुपोषण, बालमृत्यू आणि सिकलसेल या प्रश्नांच्या अनुषंगाने. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, त्यानंतरही येथील आरोग्ययंत्रणेची बरीचशी शक्ती याच प्रश्नांवर खर्च होत आली आहे आणि ते स्वाभाविकच होय. कर्करोग हा शहरांचा रोग, डोंगरातल्या माणसांशी त्याचा काय संबंध, असा एक समज त्यामुळे रूढ झाला आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नोंदींवरून स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ग्रामीण भागात मुंबईपेक्षा कमी असल्याचे दिसत आले आहे. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ग्रामीण स्त्री रुग्णालयात पोहोचते तेव्हा गाठ बहुधा मोठी झालेली असते, काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पसरलेला असतो आणि त्यामुळे शस्त्रक्रियेबरोबरच औषधे व किरणोपचार या दोन्हींची गरज पडते. अशी एखादी स्त्री शहरात जाऊन उपचार पुरे करते, बरी होऊन डोंगरात परत येते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे शेतात राबते. त्या पंधरा-वीस वर्षांत तिच्या हृदयाचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. जी होते ती बहुधा घबराट पसरविणारी असते आणि तिचा परिणाम असा होतो की काही रुग्ण किरणोपचारच नाकारतात. ही हानी हृदयविकाराच्या हानीपेक्षा कितीतरी मोठी असते.

किरणोपचार कशासाठी

ज्याला वैद्यकीय भाषेत किरणोपचार म्हणतात त्याला सामान्य लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. शेक हा शब्द थोडा फसवा आहे. यात उष्णता नसते, चटका बसत नाही आणि उपचार चालू असताना रुग्णाला काही जाणवतही नाही. उच्च ऊर्जेचे किरण पेशींच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात. निरोगी पेशी त्यातून बऱ्याच अंशी सावरतात. कर्कपेशींना ही दुरुस्ती नीट साधत नाही व त्या मरतात. शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी छातीच्या भिंतीत किंवा काखेत मागे राहण्याचा संभव असतो. त्यांचा नाश करणे हे किरणोपचाराचे काम.

क्ष-किरणांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ रंटगेन यांनी १८९५ साली लावला आणि त्यानंतर अल्पावधीतच कर्करोगावर त्यांचा वापर सुरू झाला. महाराष्ट्रात या उपचाराची पद्धतशीर परंपरा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून धरावी लागेल. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ कर्करोगावर उपचार करणारी संस्था उभारावी ही दोराबजींची इच्छा होती. ती त्यांच्या पश्चात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी फलद्रूप झाली. १९६२ साली हे रुग्णालय केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे का, असा प्रश्न काहींना पडतो. किरणोपचार आणि अणुविज्ञान यांचे नाते ध्यानी घेतले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. पुढे याच विभागाच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र विकसित केले.

लाभाचे मोजमाप आता मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. ऑक्सफर्ड येथून चालविल्या जाणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जगभरातील चाचण्यांची माहिती एकत्र केली. ज्यांचा स्तन न काढता केवळ गाठ काढली होती अशा १० हजार ८०१ स्त्रियांच्या १७ चाचण्यांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. किरणोपचार न घेतलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी पस्तीस जणींना दहा वर्षांच्या आत रोग पुन्हा उद्भवला, तर किरणोपचार घेतलेल्यांपैकी एकोणीस जणींना. पंधरा वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू शंभरात पंचवीसवरून एकवीसवर आले. म्हणजे सुमारे दर पंचवीस स्त्रियांमागे एकीचा जीव वाचला. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्या संदर्भातच वाचावयाचे आहे.

डावी बाजू आणि उजवी बाजू

किरणोपचाराने हृदयाला इजा होऊ शकते ही गोष्ट उशिरा लक्षात आली. याचे कारण सोपे आहे. इजा दिसू लागते ती वर्षानुवर्षांनी आणि पूर्वी या रोगाच्या रुग्ण इतकी वर्षे जगतच नसत. १९८७ साली क्युझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांची फेरतपासणी केली. स्तन काढून टाकल्यानंतर किरणोपचार घेतलेल्या आणि दहा वर्षांहून अधिक जगलेल्या स्त्रियांत एकूण मृत्यूंचे प्रमाण किरणोपचार न घेतलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले. कर्करोगाचे मृत्यू कमी झाले असताना एकूण मृत्यू अधिक कसे? १९९४ साली याच संशोधकांनी मृत्यूच्या कारणांची छाननी केली तेव्हा उलगडा झाला. कर्करोगावर मिळविलेला विजय हृदयविकाराच्या जादा मृत्यूंमुळे पुसला जात होता.

याचा पुरावा शरीररचनेनेच पुरविला. हृदय छातीत मध्यभागी असले तरी त्याचा बराच भाग डावीकडे झुकलेला असतो. डाव्या स्तनावर किरण सोडले म्हणजे हृदयाचा पुढचा भाग आणि त्यावरून खाली उतरणारी डावी अग्र रोहिणी ही किरणांच्या वाटेत किंवा तिच्या अगदी जवळ येते. उजव्या स्तनाच्या बाबतीत हृदय पुष्कळसे बाजूला राहते. कर्करोग डावीकडे व्हावा की उजवीकडे हे काही रुग्णाच्या वयावर, पैशावर किंवा आहारावर अवलंबून नसते. तेव्हा डावीकडच्या आणि उजवीकडच्या रुग्णांची तुलना म्हणजे निसर्गानेच मांडलेला एक प्रयोग ठरतो.

अमेरिकेतील कर्करोग नोंदणीतील तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर ही तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. १९७३ ते १९८२ या काळात निदान होऊन किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांत, उजव्या बाजूच्या रुग्णांशी तुलना करता डाव्या बाजूच्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू पहिल्या दहा वर्षांत १.२० पट, दहा ते चौदा वर्षांच्या टप्प्यात १.४२ पट आणि पंधरा वर्षांनंतर १.५८ पट होते. किरणोपचार न घेतलेल्या स्त्रियांत मात्र बाजूमुळे काही फरक पडला नव्हता. या आकड्यांतील सर्वांत बोलका भाग त्यांची चढती भाजणी हा आहे. कर्करोगतज्ज्ञाकडील फेऱ्या संपतात, रुग्ण स्वतःला पूर्ण बरी समजू लागते, घरचे लोक आजार विसरतात आणि नेमका तेव्हा धोका वाढत असतो.

त्या काळची पद्धतही याला कारणीभूत होती. स्तनास्थीच्या मागील लसीकाग्रंथींवर समोरून सरळ किरण सोडले जात व हृदय त्या झोताच्या थेट मार्गात येई. पुढे छातीला स्पर्शून तिरपे जाणारे झोत वापरात आले, संगणकीय छेदचित्रावर आधारित आखणी सुरू झाली आणि हृदयाला पोहोचणारी मात्रा घटली. अलीकडच्या काळात उपचार घेतलेल्यांत डाव्या-उजव्यातील तफावत कमी झालेली दिसते ती त्यामुळेच. तेव्हा जुन्या रुग्णांचे आकडे दाखवून आजच्या रुग्णाला घाबरविणे न्याय्य नाही. उलटपक्षी १९८०-९० च्या सुमारास उपचार घेतलेली स्त्री आज आपल्या गावात असेल तर तिच्याकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

इजा होते कशी

किरणांचा मारा प्रामुख्याने रोहिण्यांच्या आतील नाजूक अस्तरावर होतो. अस्तर दुखावले की तेथे दाह सुरू होतो, चरबीचे थर अधिक सहजपणे साचतात आणि वर्षांमागून वर्षे रोहिणी अरुंद होत जाते. हृदयाच्या स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ होतात व त्यांच्या जागी ताठर तंतू वाढतात. क्वचित हृदयाच्या झडपा जाड होतात, ठोक्यांचे नियमन करणाऱ्या वाहक तंतूंत अडथळा येतो किंवा हृदयावरणाला सूज येते. यांतील कोणताही विकार केवळ किरणोपचारानेच होतो असे नाही. हाच विकार तंबाखूने, उच्च रक्तदाबाने व मधुमेहानेही होतो. म्हणूनच एखाद्या रुग्णाचा हृदयविकार किरणांमुळेच झाला असे निश्चयाने सांगता येत नाही. सांगता येते ते समूहाबद्दल.

मात्रेचा हिशेब

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. इंग्रज शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावाने ते १९७५ साली स्वीकारण्यात आले. जुन्या कागदपत्रांत ‘रॅड’ हे एकक आढळेल. शंभर रॅड म्हणजे एक ग्रे. स्तनाला पूर्वापार एकूण ५० ग्रे मात्रा पंचवीस बैठकांत देत असत. त्यातील हृदयाला सरासरी किती पोहोचते हा कळीचा प्रश्न.

या प्रश्नावरील महत्त्वाचा अभ्यास सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. स्वीडन व डेन्मार्क या देशांत १९५८ ते २००१ या काळात किरणोपचार घेतलेल्या २ हजार १६८ स्त्रियांच्या जुन्या नोंदी काढून प्रत्येकीच्या हृदयाला पोहोचलेली मात्रा अजमावण्यात आली. सरासरी मात्रा ४.९ ग्रे भरली. डाव्या बाजूच्या रुग्णांत ती ६.६ व उजव्या बाजूच्या रुग्णांत २.९ ग्रे होती. हृदयाला मिळालेल्या प्रत्येक ग्रेमागे हृद्रोहिणीच्या गंभीर विकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढत होता. अमुक मात्रेच्या खाली धोका मुळीच नाही अशी सीमारेषा आढळली नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होऊन तिसऱ्या दशकापर्यंत चालू राहिली होती.

टक्केवारीची भाषा पुष्कळदा दिशाभूल करते, म्हणून तोच हिशेब माणसांत मांडून पाहू. पन्नास वर्षे वयाच्या, हृदयविकाराचे अन्य कोणतेही कारण नसलेल्या एक हजार स्त्रिया घेतल्या तर वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांतील १९ जणी हृद्रोहिणीच्या विकाराने मृत्यू पावतील. प्रत्येकीच्या हृदयाला सरासरी ३ ग्रे मात्रा मिळाली असेल तर ही संख्या २४ होईल. म्हणजे हजारांत पाच जादा. आधीच रक्तदाबासारखे एखादे कारण असलेल्या हजार स्त्रियांत हीच संख्या ३४ वरून ४१ वर जाईल, म्हणजे सात जादा. किरणांमुळे होणारी वाढ प्रमाणात सारखीच असते, परंतु ज्या हृदयावर आधीच ओझे आहे तेथे ती अधिक जीव घेते. हे गणित पाश्चात्त्य स्त्रियांचे आहे. भारतीयांत हृद्रोहिणीचे विकार तुलनेने लवकरच्या वयात होतात हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे आपल्याकडे या हिशेबाकडे थोडे अधिक सावधपणे पाहावे.

तंबाखूच्या संदर्भात २०१७ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक हिशेब विचार करण्याजोगा आहे. आधुनिक पद्धतीच्या किरणोपचारामुळे हृदयविकाराने होणारा जादा मृत्यू धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत शंभरी ०.३ इतका आणि दीर्घकाळ धूम्रपान चालू ठेवणाऱ्या स्त्रियांत शंभरी सुमारे १ इतका अंदाजण्यात आला. फुप्फुसाच्या कर्करोगाचा फरक तर यापेक्षा भयंकर आहे. धूम्रपान न करणाऱ्यांत ०.३ आणि करणाऱ्यांत सुमारे ४. विडी ओढणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत किरणोपचाराचा सारा लाभ या धोक्यांत वाहून जाऊ शकतो. त्या दिवसापासून विडी सोडली तर या धोक्याचा मोठा भाग टळतो. मिश्री आणि चघळण्याची तंबाखू यांना धूर नसला तरी मुखाचा कर्करोग त्यांच्यामुळेही होतो, तेव्हा एक सोडून दुसरी धरणे हा मार्ग नव्हे.

आता दोन्ही पारडी समोर ठेवावीत. एकीकडे शंभरात चार जीव वाचतात. दुसरीकडे धूम्रपान न करणाऱ्या शंभरांत अर्ध्याहूनही कमी जीव हृदयाच्या कारणाने जातो. ज्यांना तज्ज्ञांनी किरणोपचार सुचविला आहे त्यांनी हृदयाच्या भीतीने तो टाळणे हा तोट्याचा व्यवहार आहे, याबद्दल शंका उरत नाही. मात्र ज्या थोड्या वयस्क रुग्णांत गाठ अगदी लहान असून रोग परतण्याचा संभवच कमी असतो त्यांच्या बाबतीत लाभाचे पारडे तितके जड नसते. तेथे डॉक्टर व रुग्ण यांनी बसून विचार करावा.

श्वास रोखण्याची युक्ती

हृदयाला वाचविण्याचा सर्वांत सुटसुटीत उपाय रुग्णाच्या स्वतःच्या श्वासात आहे. खोल श्वास घेतला म्हणजे फुप्फुसे फुगतात, श्वासपटल खाली जाते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर, मागे व खाली सरकते. भिंत आणि हृदय यांच्यामध्ये फुप्फुसाची हवा येते. याच स्थितीत श्वास पंधरा-वीस सेकंद रोखून धरला आणि तेवढ्यातच यंत्र चालविले तर हृदयाला पोहोचणारी मात्रा लक्षणीय घटते. २००३ ते २०१३ या काळातील डाव्या बाजूच्या उपचारांच्या अहवालांत हृदयाची सरासरी मात्रा ५.४ ग्रे होती. श्वासाचे नियंत्रण करून साध्या तिरप्या झोतांनी उपचार केलेल्या ठिकाणी ती सुमारे १.३ ग्रेपर्यंत खाली आलेली आढळली. काही स्त्रियांना, विशेषतः स्थूल बांध्याच्या रुग्णांना, पालथे झोपवून उपचार देण्यानेही लाभ होतो.

येथे तोरणमाळच्या परिसराचा एक विशेष प्रश्न उद्भवतो. श्वास केव्हा घ्यावा, केव्हा रोखावा आणि केव्हा सोडावा याच्या सूचना शेजारच्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर दिल्या जातात. खडकी, झापी किंवा सिंदीदिगरकडच्या पावरी वा भिली बोलणाऱ्या स्त्रीला शहरी मराठी अगर हिंदी सूचना घाईत कळल्या नाहीत तर ती गोंधळते, श्वास मध्येच सोडते आणि मग तंत्रज्ञ नाइलाजाने साध्या पद्धतीने उपचार उरकतात. हा दोष ना तिचा ना तंत्रज्ञाचा. बरोबर गेलेल्या नातलगाने किंवा कार्यकर्तीने तीन शब्द तिच्या भाषेत आधी ठरवून दिले आणि ते तंत्रज्ञालाही शिकविले तर काम भागते. घरी आठ-दहा दिवस अंथरुणावर उताणे पडून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, मनात वीसपर्यंत मोजत श्वास रोखण्याचा सराव करावा. डोंगर चढ-उताराची सवय असलेल्या बायकांना हे फारसे जड जाऊ नये.

दुसरा दिलासा बैठकांच्या संख्येत आहे. पूर्वी पाच आठवडे, पंचवीस बैठका लागत. ब्रिटनमधील चाचण्यांनी पंधरा बैठकांत ४० ग्रे ही तीन आठवड्यांची पद्धत तितकीच परिणामकारक ठरविली व दहा वर्षांच्या पाठपुराव्यात हृदयविकार वाढल्याचे दिसले नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका ब्रिटिश चाचणीत पाच बैठकांत २६ ग्रे, म्हणजे एका आठवड्याचा उपचार, पाच वर्षांच्या निरीक्षणात मागे पडलेला नाही. त्याच्या हृदयावरील दीर्घकालीन परिणामांची वाट अर्थातच पाहावी लागेल. तोरणमाळहून राणीपूर, म्हसावदमार्गे शहाद्याला उतरावयाचे म्हणजे पन्नास किलोमीटरहून अधिक अंतर व घाटाचा रस्ता. तेथून पुढे मोठ्या शहराचा प्रवास निराळाच. अशा कुटुंबाला पंचवीस बैठका आणि पंधरा बैठका यांतला फरक म्हणजे उपचार पुरा होणे आणि अर्धवट राहणे यांतला फरक असू शकतो. कोणती पद्धत आपल्याला लागू पडेल हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नये.

औषधांचा भारही ध्यानात ठेवला पाहिजे. लाल रंगाचे ॲड्रिआमायसीन हे इंजेक्शन एकूण मात्रा वाढेल तसे हृदयाच्या स्नायूला दुर्बल करू शकते. ट्रास्टुझुमॅब या औषधानेही काहींच्या हृदयाची शक्ती घटते. मात्र ते थांबविल्यावर ती बहुधा परत येते. यांपैकी एखादे औषध आणि डाव्या बाजूचा किरणोपचार हे दोन्ही घेतलेल्या रुग्णाकडे विशेष लक्ष असावे. सिकलसेल किंवा अन्य कारणाने रक्त कमी असेल तर हृदयाला आधीच जादा काम पडते. म्हणून सिकलसेल तपासणीचे कार्ड कर्करोगाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावे.

गाठ लहान असतानाच सापडली तर हे बरेचसे टळते. किरणांचे क्षेत्र लहान राहते, काही वेळा ग्रंथींवर किरण सोडण्याची गरजच पडत नाही. यासाठी महागडी यंत्रे हवीत असेही नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ साली सुरू केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली. दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या या चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही, परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळजवळ तीस टक्के होती. डोंगरी तालुक्यांना अनुकरण करता येण्याजोगा प्रयोग म्हणून याचे मोल मोठे आहे.

घाट चढताना लागणारी धाप

बरी होऊन आलेल्या स्त्रीने आणि तिच्या घरच्यांनी पुढील तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये : चढावर छाती भरून येणे, पूर्वी सहज चढत असलेल्या वाटेवर धाप लागणे, जबडा, खांदा किंवा पाठीत ओढल्यासारखे दुखणे, कारणाशिवाय थकवा, पायांवर सूज, चक्कर अगर घेरी. स्त्रियांत हृदयविकाराची कळ नेहमीच छातीच्या मध्यभागी येते असे नाही. डोंगरात अशा दुखण्याला पित्त, वारा किंवा वयाचा दोष म्हणून सोडून देण्याची रीत आहे. पन्नाशीच्या बाईची धाप चुलीच्या धुरावर ढकलली जाते. कित्येकदा ते खरेही असते. पण छातीवर किरणोपचार झालेला असेल तर हृदयालेख काढल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आणि आरोग्यसेविकांनी अशा प्रत्येक स्त्रीला एक प्रश्न अवश्य विचारावा : बाई, तुम्हांला कधी छातीवर शेक दिला होता काय, आणि कोणत्या बाजूला?

रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून किमान एकदा तपासावी, वाढलेली असल्यास औषध मध्येच सोडू नये. कोलेस्टेरॉलची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. ठराविक वर्षांनी प्रत्येकीची हृदयाची ध्वनिचित्रतपासणी झालीच पाहिजे असा सरसकट नियम नाही. ज्यांच्या हृदयाला अधिक मात्रा मिळाली किंवा ज्यांनी हृदयावर परिणाम करणारी औषधेही घेतली, त्यांच्या बाबतीत उपचारानंतर पाच ते दहा वर्षांनी ती करून पाहणे इष्ट समजले जाते. जड काम करावे की नाही, असे पुष्कळजणी विचारतात. त्रास नसेल तर चालणे आणि शेतातील बेताचे काम हृदयाला हितकारकच आहे. बरे झालेल्या बाईला घरात बसवून ठेवण्यात शहाणपण नाही.

जपून ठेवण्याचे कागद

वीस वर्षांनंतर शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या डॉक्टरांसमोर बसलेल्या स्त्रीला आपल्याला नेमके काय दिले होते हे सांगता येत नाही. तोवर रुग्णालयातील जुनी नोंद सापडणेही दुरापास्त होते. म्हणून उपचार संपताना एक सारांशपत्र मागून घ्यावे. त्यात रोगाची बाजू, शस्त्रक्रियेची तारीख, किरणोपचार सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, एकूण मात्रा व बैठका, ग्रंथींवर किरण सोडले होते किंवा कसे, आखणीत काढलेली हृदयाची सरासरी मात्रा आणि दिलेल्या औषधांची नावे व मात्रा इतका तपशील असावा. अर्धे पान पुरते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असल्याने त्या योजनेची कागदपत्रेही याच्याबरोबर ठेवावीत. एस. टी.च्या प्रवासात कर्करोगाच्या रुग्णांना सवलत आहे आणि त्यासाठीही प्रमाणपत्र लागतेच.

अक्राणी तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात व उन्हाळ्यात परततात. घर बंद, कागद घरात आणि दुखणे परगावी, असा प्रसंग त्यांच्यावर कधीही येऊ शकतो. म्हणून सारांशपत्राच्या तीन प्रती कराव्यात. मूळ कागद पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा पिशवीत घरी राहावा, एक प्रत गावच्या आरोग्यसेविकेच्या दप्तरी असावी आणि एक प्रत कामाच्या गावी त्या स्त्रीबरोबर जावी.